शांत बोट गेली, वेगवान गाडी येणार : थीम पार्क जुन्या संथ राइड का बंद करतात?

६ जुलै २०२५. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या ‘लिबर्टी बेल’ या वाफेच्या बोटीचा हा शेवटचा दिवस होता. तीन मजली, मागे मोठं चाक फिरवत जाणारी ही बोट ‘मॅजिक किंगडम’ पार्कमधल्या कृत्रिम नदीत एका बेटाला फेरी मारून परत यायची. एवढंच तिचं काम. तिच्यात कुणी किंचाळत नसे, कुणाच्या पोटात गोळा येत नसे. लोक कठड्याला टेकून उभे राहायचे, वाऱ्यावर बसायचे, शिट्टी ऐकायचे आणि उतरायचे.

त्या दिवशी बोट बंद झाली, बेट बंद झालं आणि नदीही संपली. आता त्या जागेवर ‘कार्स’ या अॅनिमेशन चित्रपटावर आधारित नवा भाग उभा राहतोय. त्यात खडबडीत डोंगराळ वाटेवरून गाडी पळवणारी मोठी राइड असेल.

सोशल मीडियावर तुम्ही या बोटीचे शेवटच्या दिवसाचे व्हीडिओ पाहिले असतील. त्याखाली दोन प्रकारच्या प्रतिक्रिया हमखास दिसतात. एक, ‘आमचं बालपण बुडालं.’ दुसरी, ‘रिकामी बोट होती, बरं झालं गेली.’ दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण थीम पार्क असा निर्णय नेमका कशाच्या आधारावर घेतात आणि शांत राइड गेल्यावर प्रत्यक्षात काय कमी होतं, हे या दोन्ही प्रतिक्रियांतून कळत नाही. तेच समजून घेऊया.

नेमकं काय बंद झालं?

मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालं. ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ ही नदी पहिल्यापासून त्याच्या नकाशावर होती. १९७३ साली नदीच्या मधल्या बेटावर ‘टॉम सॉयर आयलंड’ सुरू झालं. मार्क ट्वेनच्या कादंबरीतल्या खोडकर टॉमच्या नावाचं हे बेट. तराफ्यातून तिकडे जायचं. गुहा, पिंपांवर तरंगणारा डुगडुगता पूल, लाकडी किल्ला. मुलांनी हवं तेवढं पळायचं, मोठ्यांनी सावली बघून बसायचं. ना पट्टा बांधायचा, ना ठरलेली वेळ.

ऑगस्ट २०२४ मध्ये डिस्नेने चाहत्यांच्या ‘डी२३’ या संमेलनात ‘कार्स’वर आधारित भागाची घोषणा केली. पुढे स्पष्ट झालं की तो नदी आणि बेटाच्या जागेवरच होणार. ‘पिस्टन पीक’ नावाच्या काल्पनिक राष्ट्रीय उद्यानाची ही कल्पना आहे. त्यात दोन राइड असतील : एक थरारक शर्यतीची आणि एक लहान मुलांसाठी. नव्या भागातही झाडं आणि धबधबे असतील, असं कंपनीने सांगितलं आहे.

म्हणजे हिरवळ आणि पाणी पूर्ण जाणार नाही. जाणार आहे ती नदी, आणि तिच्याबरोबर पार्कच्या मधोमध असलेली, काहीच न करता बसता येईल अशी मोठी जागा.

‘शांत राइड’ म्हणजे काय?

थीम पार्कमधल्या आकर्षणांचे ढोबळ दोन गट पडतात. एका गटात जाहिरातीत दिसणाऱ्या राइड येतात. रोलर कोस्टर, उंचावरून कोसळणारे मनोरे, मोठ्या चित्रपटाच्या नावावर उभे राहिलेले खेळ. लोक तिकीट काढतात ते यांच्यासाठी.

दुसऱ्या गटात संथ आकर्षणं येतात. पार्कभर फिरणारी छोटी आगगाडी, बोटीची फेरी, चालत पाहायचं बेट, बसून पाहायचं नाटक, आणि ‘डार्क राइड’. डार्क राइड म्हणजे अंधाऱ्या इमारतीतून गाडीत किंवा बोटीत बसून जायचं आणि दोन्ही बाजूंना हलणाऱ्या बाहुल्या, देखावे, आवाज यांतून गोष्ट बघायची. खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कमध्ये अलिबाबाची राइड पाहिली असेल, तर हा प्रकार तुम्हाला माहीत आहे.

या दुसऱ्या गटासाठी कुणी विमानाचं तिकीट काढत नाही. पण दिवसभराच्या फेरफटक्यातला बराच वेळ लोक याच गटात घालवतात.

एका कूपनाने बदललेला हिशेब

शांत राइड का मागे पडल्या, हे कळायला तिकिटाचा इतिहास पाहावा लागतो.

कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड जुलै १९५५ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी तिथे कूपनांची पुस्तिका आली. आपल्या जत्रेत पाळण्याचे वेगळे आणि मौत का कुआंचे वेगळे पैसे द्यावे लागतात, तसाच हा प्रकार. सगळ्यात स्वस्त ‘ए’ कूपन. त्यावर घोड्यांचा मेरी-गो-राउंड किंवा मुख्य रस्त्यावरची घोडागाडी मिळायची. १९५९ साली सगळ्यात महाग ‘ई’ कूपन आलं. तेव्हापासून अमेरिकन इंग्रजीत एखाद्या भन्नाट गोष्टीला ‘ई-तिकीट’ म्हणायची पद्धत पडली, ती आजही आहे. गंमत म्हणजे या महागड्या ‘ई’ गटात ‘जंगल क्रूझ’सारखी संथ बोटीची राइडही होती. तेव्हा महाग म्हणजे वेगवान असं समीकरण नव्हतं.

या पद्धतीत प्रत्येक राइड आपापले पैसे कमवत होती. पुस्तिकेत ‘ए’ आणि ‘बी’ कूपनं असायचीच, त्यामुळे लोक छोट्या राइडमध्येही आवर्जून बसायचे. कूपन वाया का घालवा?

१९८२ मध्ये डिस्नेने कूपनं बंद केली. आत येताना एकदाच पैसे द्या, मग हव्या तेवढ्या राइड करा. पाहुण्यांसाठी हे सोयीचं होतं. पण राइडचं मोल मोजण्याची फूटपट्टी त्यामुळे बदलली. आता कुठलीच राइड स्वतःचे पैसे कमवत नव्हती. तिची किंमत एका प्रश्नावर ठरू लागली : या राइडमुळे किती लोक घरातून निघून तिकीट काढायला येतील?

या प्रश्नाचं उत्तर बोटीकडे नसतं. आलेल्या माणसाचा दिवस ती सुखाचा करते, पण त्याला घरातून ओढून आणत नाही.

दुसरा बदल २०२१ मध्ये झाला. त्याआधी डिस्ने वर्ल्डमध्ये रांग टाळण्याची ‘फास्टपास’ ही सोय फुकट होती. ती बंद झाली आणि पैसे भरून रांग टाळण्याची ‘लाइटनिंग लेन’ आली. काही मोठ्या राइडसाठी तर स्वतंत्र रक्कम द्यावी लागते. म्हणजे एका अर्थाने कूपनं परत आली, पण फक्त वरच्या गटाची. ज्या राइडला लांब रांग, तीच आता वेगळे पैसे मिळवून देते. बोटीला रांगच नसेल, तर रांग टाळायचे पैसे कोण देईल?

हे दोन्ही बदल एकत्र पाहिले की निर्णयामागचं गणित उलगडतं. शांत राइड ना तिकीट खपवते, ना रांग टाळण्याचा पास. कंपनीच्या वहीत तिच्या नावासमोर उरतो तो फक्त खर्च : कर्मचारी, रंगरंगोटी, दुरुस्ती आणि तिने अडवलेली जागा.

स्पर्धेचा दबाव किती खरा?

खराच आहे. डिस्ने वर्ल्डपासून जवळच, ऑरलँडो शहरात युनिव्हर्सल कंपनीची पार्क आहेत. जून २०१० मध्ये तिथे हॅरी पॉटरचं जग उभं राहिलं आणि सगळ्या उद्योगाने त्याची दखल घेतली. २०१४ मध्ये युनिव्हर्सलने ‘जॉज’ या शार्कच्या जुन्या राइडच्या जागी पॉटरच्या कथेतली ‘डायगॉन अॅली’ उभारली. मे २०२५ मध्ये त्याच कंपनीचं ‘एपिक युनिव्हर्स’ हे अख्खं नवं पार्क सुरू झालं.

डिस्नेने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं होतं की पुढच्या दहा वर्षांत पार्क आणि क्रूझ व्यवसायात सुमारे ६,००० कोटी डॉलर गुंतवले जातील. एवढे पैसे लावल्यावर जाहिरातीत दाखवता येईल असं काहीतरी हवं असतं. ‘आम्ही नदी स्वच्छ केली, बोटीला नवा रंग दिला’ ही बातमी होत नाही.

मग चाहते विचारतात, फ्लोरिडात डिस्नेकडे प्रचंड जमीन आहे, नवी राइड बाजूला का बांधत नाहीत? प्रश्न रास्त आहे. पण जमीन असणं आणि पार्कच्या कुंपणाआत, चालत जाता येईल अशी तयार जागा असणं, यांत फरक आहे. बाहेरच्या जमिनीवर जायचं तर नवे रस्ते, सांडपाणी, वीज, पाहुण्यांची वर्दळ हे सगळं नव्याने आखावं लागतं. नदीची जागा मोठी होती, सपाट करता येण्याजोगी होती आणि पार्कच्या अगदी आत होती. शिवाय तिच्या पलीकडे खलनायकांवर आधारित आणखी एक भाग उभारायचं कंपनीने जाहीर केलं आहे. पार्क आहे त्या बाजूने वाढवायचं तर नदी वाटेत येत होती.

रांगेत न दिसणारं काम

शांत राइडची उपयुक्तता मोजायची तर तिच्या दारातली रांग मोजून चालत नाही. तिच्यामुळे दुसरीकडच्या रांगा किती कमी झाल्या, ते पाहावं लागतं.

एक साधं काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका पार्कमध्ये दुपारी २०,००० लोक आहेत. त्यातले ८०० बोटीत आणि बेटावर आहेत. त्यांना तिथे फार मजा येत असेल किंवा नसेल, पण ते दुसऱ्या कुठल्याही रांगेत नाहीत. बोट आणि बेट बंद करा. हे ८०० जण घरी जात नाहीत. ते डाव्या-उजव्या राइडच्या रांगेत, खाण्याच्या दुकानात नाहीतर रस्त्यावर येतात. त्या जागी नवी राइड आली की तिच्यासाठी आणखी लोक पार्कमध्ये येतात. राइडची क्षमता वाढते, पण गर्दीही वाढते. नव्या मोठ्या राइडनंतरही पार्क अधिक गजबजलेलं का वाटतं, याचं हे एक कारण.

दुसरं काम विश्रांतीचं. फ्लोरिडात उन्हाळ्यात दमट उकाडा असतो आणि दुपारी पाऊस कोसळतो. दिवसभरात लोक मैलोन्‌मैल चालतात. अशा वेळी वीस मिनिटं सावलीत बसवून, वारा देऊन, हळूहळू पुढे नेणारी बोट ही करमणूक तर असतेच, पण गरजही असते. विश्रांती मिळाली की लोक संध्याकाळपर्यंत टिकतात. ती मिळाली नाही की मुलं रडायला लागतात आणि कुटुंब चार वाजता हॉटेलवर परततं.

तिसरं काम सगळ्यांना एकत्र बसवण्याचं, आणि माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेले किती तरी मराठी आई-बाबा डिस्नेला जाऊन येतात. सोबत मुलगा-सून, तीन वर्षांचा नातू. अशा कुटुंबाला एका राइडमध्ये एकत्र बसायचं असेल तर गुडघेदुखी, रक्तदाब आणि उंचीची अट या तिन्हींतून सुटणारी राइड शोधावी लागते. ती बहुतेक वेळा संथच असते. वेगवान राइड आली की कुटुंबाची फाळणी होते. दोघे आत, तिघे बाहेर बाकावर, हातात सगळ्यांच्या पिशव्या.

एपकॉटमध्ये काय घडलं?

हा मुद्दा हवेतला नाही, हे डिस्ने वर्ल्डमधल्याच ‘एपकॉट’ या दुसऱ्या पार्कच्या इतिहासात दिसतं. १९८२ मध्ये सुरू झालेल्या या पार्कमध्ये विज्ञान, ऊर्जा, प्रवास अशा विषयांवरच्या मोठमोठ्या संथ राइड होत्या. त्यातल्या तिघींचं पुढे काय झालं, ते पाहा.

‘वर्ल्ड ऑफ मोशन’ ही माणसाच्या प्रवासाचा इतिहास विनोदी देखाव्यांतून दाखवणारी राइड १९९६ मध्ये बंद झाली. तिच्याच इमारतीत १९९९ मध्ये ‘टेस्ट ट्रॅक’ आली. गाडी ताशी १०० किलोमीटरच्या आसपास पळते. उंचीची अट ४० इंच, म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटर.

‘होरायझन्स’ ही १९८३ ची राइड भविष्यातलं जगणं दाखवायची. शेवटाकडे प्रवासी बटण दाबून मत द्यायचे आणि घरी कुठल्या वाटेने परतायचं हे निवडायचे. जानेवारी १९९९ मध्ये ती कायमची बंद झाली, इमारतही पाडली. २००३ मध्ये तिथे ‘मिशन : स्पेस’ आली. अंतराळवीरांच्या प्रशिक्षणासारखं गरगर फिरवणारं यंत्र. अनेकांना मळमळायचं. शेवटी २००६ मध्ये न फिरणारा सौम्य प्रकार वेगळा सुरू करावा लागला.

‘युनिव्हर्स ऑफ एनर्जी’मध्ये डायनोसॉरच्या जंगलातून फिरवणारा सुमारे पाऊण तासाचा कार्यक्रम होता. बसायला गार हवेतली जागा. ऑगस्ट २०१७ मध्ये तो बंद झाला. मे २०२२ मध्ये तिथे ‘कॉस्मिक रिवाइंड’ हा रोलर कोस्टर आला. उंचीची अट ४२ इंच.

या नव्या राइड वाईट आहेत असं मुळीच नाही. टेस्ट ट्रॅक आणि कॉस्मिक रिवाइंड अतिशय लोकप्रिय आहेत. एकेक निर्णय सुटा पाहिला तर पटतोही. पण तिन्हींची बेरीज करा. पूर्वी या तिन्ही ठिकाणी तान्हं बाळ आणि आजी शेजारी बसू शकत होते. आता तिन्ही ठिकाणी उंचीची पट्टी आहे. असा एकच मोठा निर्णय कुणी एका दिवशी घेतला नव्हता. तीन वेगवेगळ्या वर्षी तीन योग्य वाटणारे निर्णय झाले आणि पार्कचा स्वभाव बदलला.

आणखी एक गोष्ट. जुनी राइड बंद होणं आणि नवी सुरू होणं यात तिन्ही वेळा तीन ते पाच वर्षं गेली. त्या काळात आलेल्या पाहुण्याला ना जुनी मिळाली, ना नवी.

जेव्हा नवी राइड फसते

कधीकधी हा सौदा पूर्ण फसतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये आजही उभं आहे.

१९६७ मध्ये तिथे ‘पीपलमूव्हर’ सुरू झाली. उंचावरच्या मार्गावरून चालण्याच्या वेगाने जाणारे छोटे डबे. सुमारे १६ मिनिटं पार्कचा एक भाग वरून बघत फिरायचं. १९९५ मध्ये ती बंद केली आणि १९९८ मध्ये त्याच मार्गावर ‘रॉकेट रॉड्स’ ही वेगवान राइड आणली. तेच अंतर आता तीनेक मिनिटांत.

अडचण मार्गात होती. वेगाने वळायचं तर वळणावर रस्त्याला आतल्या बाजूने कल द्यावा लागतो. घाटातल्या रस्त्यावर तो तुम्ही पाहिला असेल. पीपलमूव्हरचा मार्ग संथ डब्यांसाठी बांधलेला होता, त्याला असा कल नव्हता आणि तो नव्याने बांधायला पैसे मंजूर झाले नाहीत. त्यामुळे रॉकेट रॉड्सला सरळ भागात पळायचं, वळण आलं की ब्रेक मारायचा, पुन्हा पळायचं, असं करावं लागे. टायर झिजायचे, यंत्रं बिघडायची, राइड वारंवार बंद पडायची. २००० मध्ये ती थांबली आणि २००१ मध्ये कायमची बंद झाल्याचं जाहीर झालं.

तो रिकामा मार्ग अजून तसाच डोक्यावर उभा आहे. जुनी संथ राइड २८ वर्षं चालली. तिच्या जागी आलेली तीन वर्षंही टिकली नाही. आणि फ्लोरिडातली पीपलमूव्हर, १९७५ मध्ये सुरू झालेली तिची धाकटी बहीण, आजही फिरते आहे.

पण प्रत्येक बदल वाईटच का?

नाही. जुन्याच्या बाजूने बोलताना काही गोष्टी प्रामाणिकपणे मान्य कराव्या लागतात.

पहिली, काही जुन्या राइड खरोखर परवडत नव्हत्या. मॅजिक किंगडममध्ये १९७१ पासून पाणबुडीची राइड होती. आठवणीत ती रम्य आहे. पण पाण्याखालचे देखावे सांभाळणं खर्चिक होतं, चढ-उतार वेळखाऊ होता आणि माणसं कमी बसायची. १९९४ मध्ये ती बंद झाली. वाईट इतकंच की तिचं तळं त्यानंतर दहा वर्षं तसंच पडून होतं.

दुसरी, आजचं जुनं हे कधीतरी नवं होतं. १९९८ मध्ये मॅजिक किंगडममधली ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ बंद करून विनी द पू या अस्वलाची राइड आणली, तेव्हा चाहते चिडले होते. आज त्या अस्वलाच्या राइडलाही पाव शतक उलटलं. ती बंद करायची ठरली तर तिच्यासाठी रडणारी पिढी तयार आहे.

तिसरी, जुन्याचा सांगाडा ठेवूनही नवं करता येतं. एपकॉटच्या नॉर्वे विभागात ‘मेलस्ट्रॉम’ ही बोटीची राइड होती. २०१४ मध्ये ती बंद करून २०१६ मध्ये ‘फ्रोझन’ चित्रपटाची राइड आली. नॉर्वेच्या लोककथांच्या जागी चित्रपट आला, ही तक्रार योग्यच आहे. पण बोटी आणि मार्ग बहुतांश तेच राहिले. आजी आणि नात तिथे आजही शेजारी बसू शकतात. म्हणजे एखादी राइड गर्दी खेचणारी आणि संथ, दोन्ही असू शकते.

विरोधाचा उपयोग होतो का?

अस्वलाच्या राइडविरुद्धचा विरोध या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. १९९७-९८ मध्ये, आजच्यासारखा सोशल मीडिया नसताना, चाहत्यांनी इंटरनेटवरून एकमेकांना शोधलं, ‘टोडला वाचवा’ अशा अर्थाचे हिरवे टी-शर्ट छापले, पार्कमध्ये जमून शांतपणे निदर्शनं केली. निर्णय बदलला नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये राइड बंद झाली. पण नव्या राइडच्या आत एका चित्रात मिस्टर टोड घुबडाच्या हाती मालकीचा कागद देताना दिसतो, आणि ‘हाँटेड मॅन्शन’च्या आवारातल्या प्राण्यांच्या स्मशानात त्याचा छोटा पुतळा आहे. चाहत्यांच्या पदरात एवढं पडलं.

विरोध का हरतो? कारण कंपनी मोजते ती हजेरी. निदर्शनं करणाऱ्यांनीही तिकीट काढूनच निदर्शनं केली. शेवटच्या आठवड्यात निरोप घ्यायला उसळणारी गर्दी कंपनीला फायद्याचीच असते. आणि वर्षभर रिकामी राहिलेली बोट बंद होणार म्हटल्यावर भरते, हे पाहून व्यवस्थापनाला वाटतं : हे आधी कुठे होते?

यावर उत्तर एवढंच, की बोट ही तोंडपाठ ठेवून गाठायची गोष्ट नसते. थकल्यावर समोर दिसली म्हणून चढायची गोष्ट असते. अशा गोष्टींची मागणी आधीच नोंदवता येत नाही.

दुसरीकडे काय मार्ग काढले?

पॅरिसजवळच्या डिस्नेलँडमध्ये १९९२ पासून नदी आहे, बोट आहे आणि मधल्या बेटावर ‘बिग थंडर माउंटन’ हा रोलर कोस्टरच आहे. गाडी नदीखालच्या बोगद्यातून बेटावर जाते. बोटीतले लोक गाडीतल्यांच्या किंकाळ्या ऐकत संथ फिरतात. मोठी राइड आणि शांत राइड एकमेकींची शोभा वाढवतात. कॅलिफोर्नियातही २०१९ मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या भागासाठी नदी आखूड केली, पण बुजवली नाही.

नेदरलँड्समधल्या ‘एफ्टेलिंग’ या पार्कची गोष्ट आणखी वेगळी आहे. १९५२ मध्ये परीकथांच्या जंगलापासून ते सुरू झालं. झाडांतून चालत जायचं आणि एकेका वळणावर एकेक परीकथा बघायची. आज तिथे मोठे रोलर कोस्टर आहेत, पण ते जंगल तसंच आहे आणि त्यात अधूनमधून नवी कथा वाढवली जाते. हे पार्क एका प्रतिष्ठानच्या मालकीचं आहे, शेअर बाजारातल्या कंपनीचं नाही. तिथेही जुनं पाडलं जातं. १९७८ चा भुताचा वाडा २०२२ मध्ये बंद झाला आणि २०२४ मध्ये त्या जागी ‘दान्स मकाब्र’ ही नवी राइड आली. पण जुन्या वाड्यात वाजणारं, फ्रेंच संगीतकार सें-सान्स यांचं त्याच नावाचं संगीत नव्या राइडचा कणा म्हणून ठेवलं.

काही ठिकाणी कायदा मदतीला येतो. न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडचा १९२७ चा लाकडी रोलर कोस्टर ‘सायक्लोन’ १९८८ पासून शहराचा संरक्षित वारसा आहे. इंग्लंडमध्ये मारगेटच्या ‘सीनिक रेल्वे’लाही वारसा इमारतीसारखं संरक्षण आहे. मात्र हे संरक्षण ऐतिहासिक बांधकामाला मिळतं. ‘इथे निवांत बसता येतं’ या कारणासाठी वारशाचा दर्जा देणारा कायदा नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कसा आहे?

महाराष्ट्रात थीम पार्कांचा इतिहास लहान आहे. मुंबईत गोराईला १९८९ मध्ये सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये अख्खंच बंद झालं. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ चं. म्हणजे जुनी राइड विरुद्ध नवी राइड हा वाद आपल्याकडे अजून तापलेला नाही.

पण एकदाच तिकीट काढून दिवसभर फिरायची पद्धत आपल्याकडेही रुळली आहे, आणि तिच्यासोबत तोच हिशेब येतो. शिवाय आपल्याकडे सहलीला जाणारं कुटुंब म्हणजे बहुतेक वेळा तीन पिढ्या. त्यामुळे बाकं, सावली, संथ राइड यांची किंमत आपल्या पार्कांनी अधिक ओळखायला हवी.

पुढच्या वेळी अशी बातमी आली तर

‘जुनं ते सोनं’ किंवा ‘बदल हा हवाच’ यांपैकी एक बाजू पकडण्याआधी चार प्रश्न विचारून पाहा.

एक, बंद होणारी राइड तासाला किती लोकांना सामावत होती आणि ते लोक आता कुठे जातील? दोन, तिथे कोण बसू शकत होतं आणि नव्या राइडमध्ये कोण बसू शकणार नाही? तीन, सावली, बसायची जागा, शांतता यातलं काय जातंय आणि त्याची भरपाई पार्कात दुसरीकडे होणार आहे का? चार, नवी राइड जुन्याच्या सांगाड्यावर बसवताना पुरेसा खर्च केला जातोय, की रॉकेट रॉड्ससारखी काटकसर होते आहे?

या चारही प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असतील, तर जुन्या राइडला हसत निरोप द्यायला हरकत नाही. नसतील, तर नव्या राइडच्या झगमगत्या व्हीडिओत जे दिसत नाही, त्याची विचारपूस करायला हवी. कारण मोठी राइड तीन मिनिटांत संपते. तिकीट मात्र दिवसभराचं असतं, आणि उरलेला दिवस कुठे आणि कुणासोबत घालवायचा, हे बहुतेक वेळा त्या नजरेआड राहिलेल्या संथ जागाच ठरवत असतात.